वृंदाताईंची 'नाही' म्हणायची शिकवणी

कतारमध्ये राहून हिमस्खलनाला भिणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. वृंदाताई मोघे. बाकी आम्ही सगळे इथे राहणाऱ्यांना शोभतील अशाच गोष्टींना भीत होतो. कंत्राट संपण्याला, ऑगस्टात गाडीचा एसी बंद पडण्याला, मुलांच्या मराठीला. वृंदाताई दोह्याच्या फरीज बिन ओमरान भागात चौथ्या मजल्यावर राहत. खिडकीतून समोरची धुळकट गच्ची आणि पाण्याच्या टाक्या दिसत. त्या खिडकीशी उभ्या राहून ही बाई रोज सकाळी चहा पिता पिता आल्प्समधल्या बर्फाचं बुलेटिन वाचायची. कुठे किती पडला, वारा कुठल्या बाजूने होता, कुठला उतार आज बरा नाही.

मूळच्या त्या नाशिकच्या. आमच्या ऑफिसात सेफ्टी इंजिनिअर, माझ्यापासून दोन टेबलं सोडून. मी पाइपांची नकाशेगिरी करणारा, त्यामुळे माझं काम बसून व्हायचं. त्यांच्या पायाला भिंगरी होती. मीटिंगमध्ये खुर्ची असायची, त्या नसायच्या. भिंतीच्या कडेकडेने फेऱ्या घालत बोलायच्या आणि साहेबांची मान टेनिसची मॅच बघितल्यासारखी इकडून तिकडे फिरायची. हातात गाडीची किल्ली कायम. कुणाकडे जेवायला गेल्या तरी किल्ली ताटाशेजारी. 'यल्ला, निघू या' हे त्यांचं वाक्य कढी वाढायच्या आधीच सुरू होई. घरातली सगळी स्थिरता अनिलरावांच्या, म्हणजे त्यांच्या नवऱ्याच्या वाट्याला आली होती. ते एकदा सोफ्यावर बसले की पाहुणे जाईपर्यंत हलत नसत.

पण ही भिंगरी जन्मजात नव्हती, असं अनिलराव सांगायचे. ती सईच्या एका फोनपासून लागली.

सई ही त्यांची एकुलती एक. दोह्यातच वाढली, शिकायला ऑस्ट्रियात गेली आणि तिथे डोंगरांच्या नादी लागली. राखलेल्या, झेंडे लावलेल्या उतारांवरून स्कीने घसरत येणं तिला बाळबोध वाटे. तिची टोळी मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवून तासन्‌तास डोंगर चढायची आणि जिथे कुणाचीच वाट नाही तिथून खाली यायची. एकदा फोनवर ती सहज बोलून गेली, की परवा थोडा बर्फ सुटला, कमरेपर्यंत गाडली गेले, मित्रांनी उकरून काढलं. "इट वॉज फाइन, आई."

"रेस्क्यूवाले किती वेळात आले?" वृंदाताईंनी विचारलं.

"आई, रेस्क्यू टीमसाठी कोणी थांबत नाही. इट्स टू लेट बाय देन. सोबतचेच काढतात."

हा संवाद त्यांनी मला इतक्यांदा सांगितला की माझाही पाठ झाला. दर वेळी शेवटच्या वाक्यापाशी अडायच्या. "सोबतचेच काढतात, कुलकर्णी. म्हणजे बर्फाखाली गेलेल्या माणसाच्या हातात मोजकी मिनिटं, आणि त्या मिनिटांत आई दोह्यात. माझा उपयोग काय? देवाला नवस बोलायचा तरी तोही जवळ फावडं घेऊन उभा पाहिजे!"

पोरीला थांबवता येणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. ज्या वयात आपण आईबापांचं ऐकलं नाही त्या वयात आपलीही मुलं ऐकत नाहीत, एवढा शहाणपणा त्यांच्यात होता. त्यांना एवढंच हवं होतं, की सईने एकदा तरी आपल्याला बरोबर न्यावं. तिच्या मागून चालण्याइतकं आणि वेळ आलीच तर तिला उकरून काढण्याइतकं आपल्याला यावं. पन्नाशी उलटलेली, बर्फ फक्त फ्रीजमध्ये पाहिलेली बाई त्यासाठी जॉर्जियाला गेली. दोह्याहून विमानाने ते काही फार लांब नाही. तिथल्या गुदौरी गावाच्या सर्वांत सोप्या उतारावर, गुलाबी हेल्मेट घातलेल्या पाच-सहा वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभी राहून स्की शिकली. पहिल्या वर्षी मनगट मोडून परत आली. प्लास्टरवर ऑफिसातल्या कुणाला सही करू दिली नाही, म्हणाली, ही काही मौज नाही. दुसऱ्या वर्षी हिमस्खलनाचा कोर्स केला. आणि तिथे तिला कळलं, की हा विषय एकट्याने शिकून भागत नाही. शोधायला माणूस लागतो, तसा हरवायलाही लागतो.

मग वृंदाताई आमच्यावर घसरल्या. 'आमच्यावर' म्हणजे मी आणि हमीदभाई मुकादम. हमीदभाई रत्नागिरीचे, अल मुंतझामध्ये राहायचे, एसीच्या सुट्या भागांचा त्यांचा धंदा. रत्नागिरीच्या माणसाला बर्फ म्हणजे मासळीच्या पेटीतला. पण एकदा कुटुंबाला घेऊन गुदौरीला गेले, हौस म्हणून पायांत स्की अडकवले आणि माणूस खुळावलाच. ते मनापासून आले होते. मला का घेतलं? मी नाही म्हणू शकलो नाही म्हणून. ते पुढे येईलच.

त्यांची शिकवायची तऱ्हा कुठेही, कधीही सुरू व्हायची. एका संक्रांतीला त्यांच्याकडे हळदीकुंकू होतं. माझी बायको नवी पैठणी नेसून गेली. तिळगूळ झाला, अत्तर झालं, आणि वृंदाताई स्वयंपाकघरातून एक लाकडी पोळपाट घेऊन आल्या. त्यावर कणकेचा थर, त्यावर साखर पसरलेली, आणि वर दाबून बसवलेला मैदा. "बघा हं. वरून किती छान, घट्ट दिसतंय! कोणी म्हणेल खाली काही भानगड आहे? आता मी वाकवते." त्यांनी पोळपाट हळूहळू कलता केला. काही झालं नाही. आणखी कलता केला. मग एकाएकी मैद्याला आडवी भेग गेली आणि सगळा थर साखरेवरून घसरत माझ्या बायकोच्या पैठणीवर येऊन बसला. "ही साखर म्हणजे खालचा भुसभुशीत बर्फ, ती खरी चोर," असं म्हणून वृंदाताईंनी तिच्याच मांडीवर साखर आणि मैदा बोटाने वेगळा करून दाखवला. वाण म्हणून त्यांनी सगळ्या बायकांना शिट्ट्या दिल्या. बर्फात अडकलं तर ओरडून आवाज जात नाही, शिट्टीचा जातो. आमच्या घरी त्या संध्याकाळी हिमस्खलन नाही, पण त्याच्या जवळपासचं काहीतरी झालं.

खरी शिकवणी व्हायची ती दोह्याबाहेर, सीलाइनच्या पुढच्या वाळूच्या टेकड्यांवर. हिवाळ्यातल्या शुक्रवारी सकाळी त्या आम्हाला गाडीत कोंबून नेत. वारा ज्या बाजूने वाळू आणून टाकतो त्याच्या पलीकडची बाजू चांगलीच उभी उतरती असते. तिचा कोन तीस अंशांच्या जरासा वर, आणि बर्फ सुटायला लागतो तोही साधारण तिथूनच. "कतारला देवाने बर्फ दिला नाही, पण कोन दिलाय," असं म्हणत त्या आम्हाला त्या उतारावर उभं करायच्या आणि डोळे मिटायला लावायच्या. पावलांना तीस अंश कळले पाहिजेत, मोबाइलमध्ये बघून नव्हे. मग एका पिशवीत बीकन घालून ती पिशवी वाळूत कुठेतरी पुरायच्या. बीकन म्हणजे छातीशी बांधायचं छोटं यंत्र. आपण गाडले गेलो तर ते हाका मारत राहतं आणि वरच्यांनी आपापलं यंत्र शोधायला लावलं की त्याला त्या हाका ऐकू येतात. आम्ही यंत्र वाळूला टेकवून आकडा कमी कमी होत जाईल तसे रांगायचो, मग लांब काठी खुपसून बघायचो, मग फावडी. मागे त्या उभ्या असायच्या, नव्हे, धावत असायच्या. "वर नका उकरू, उताराच्या खालच्या अंगाने घुसा! हमीदभाई, दम मागाहून खा!"

एकदा हमीदभाईंच्या यंत्राने आम्हाला अर्धा तास भलतीकडे फिरवलं. आकडा चाळीस, मग बारा, मग एकदम तीस. वृंदाताईंनी त्यांना उभं करून त्यांचे खिसे चाचपले. जाकिटाच्या आतल्या खिशात, यंत्राला अगदी चिकटून, भाभींनी ॲल्युमिनियमच्या कागदात बांधून दिलेले कबाब आणि स्टीलचा चटणीचा डबा होता. चकचकीत कागद, धातू, मोबाइल यांनी ते यंत्र बावचळतं. "तुमच्या कबाबापायी एक माणूस मेला," वृंदाताई म्हणाल्या. हमीदभाई इतके ओशाळले की त्या दिवशी त्यांनी एकही कबाब खाल्ला नाही. आम्ही खाल्ले.

असेच उकरत असताना एकदा एक कतारी गृहस्थ लँड क्रूझर थांबवून उतरले. काय हरवलं म्हणून विचारलं. हमीदभाईंनी मोडक्यातोडक्या अरबीत सांगितलं, की माणूस. ते शुभ्र पायघोळ थोब सावरत धावलेच आणि हातांनी वाळू उपसायला लागले. पिशवी निघाली तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. वृंदाताईंनी त्यांना सगळं समजावलं, सईचा फोटो दाखवला. त्यांनी फोटो बघितला, मग सभोवारची वाळू बघितली, मग पुन्हा वृंदाताईंकडे बघितलं. "मला चार मुली आहेत," ते इंग्रजीत म्हणाले. "पुन्हा पुरा. मी वेळ लावतो."

आता माझ्या 'नाही'बद्दल. त्यांच्या मते यंत्र, काठी, फावडं हे सगळं उशिराचं. माणूस वाचतो तो आधी, उताराच्या माथ्यावर, कुणीतरी तोंड उघडून 'मला नको' म्हणालं तर. आणि हे तोंड आपल्या लोकांचं उघडत नाही. प्लांटवर काम थांबवायचा अधिकार प्रत्येकाला असतो, तसं कार्डही प्रत्येकाच्या खिशात असतं. "पण आपला माणूस स्फोट होईल तरी साहेबाला थांब म्हणणार नाही," असं त्या कळवळून सांगायच्या. "आपलं 'बघू' म्हणजे नाही. 'कळवतो' म्हणजे नाही. 'नक्की येतो' म्हणजे तर मुळीच नाही. हे डोंगराला कसं कळणार? भीड भिकेची बहीण म्हणतात, इथे ती मरणाची मावशी आहे." म्हणून टेकडीवर दर खेपेला शेवटचा अर्धा तास नकाराचा. त्या एकेकाला म्हणायच्या, चला, आता या उतारावरून उडी मारायची. आणि आम्ही नुसतं 'नाही' म्हणायचं. कारण द्यायचं नाही, सॉरी म्हणायचं नाही, हसायचं नाही. नियम एकच होता. एकाने नाही म्हटलं की सगळे मागे वळणार, आणि त्याला कोणी कारण विचारणार नाही. मला ते चौथ्या खेपेला जमलं. हमीदभाईंना जमेना. "ताई, इन्शाल्ला, पुढच्या वेळी," "ताई, गुडघा जरा..." असं काहीबाही ते म्हणत आणि शेवटी उडी मारत.

कोर्सच्या पुढल्या वर्षी, फेब्रुवारीत, सई यायला तयार झाली. आई, हमीदकाका, मी आणि ती, गुदौरीला. एव्हाना वृंदाताईंनी मलाही तिथे नेऊन स्की शिकायला लावलं होतं. त्या आठवड्यात वृंदाताईंनी ऑफिसात जो धुमाकूळ घातला त्याने साहेबांनीच त्यांना रजेवर पिटाळलं.

पहिले दोन दिवस सईने आम्हाला सोप्या चढांवर तपासलं. ती बोलायला गोड, पण नजर अशी की आपण गाडीच्या मागे बांधलेलं सामान आहोत. मग दुसऱ्या दिवशी वृंदाताईंनी हमीदभाईंनी पुरलेलं यंत्र सईच्या आधी शोधून काढलं. संध्याकाळी जेवताना सई म्हणाली, "टुमॉरो वी डू द रिअल वन. आई, तू माझ्या मागे. राइट बिहाइंड मी." वृंदाताई उठून उगाच पाण्याची बाटली भरून आल्या. बाटली भरलेलीच होती.

रात्री वारा सुटला होता. सकाळी आकाश निळंभोर. तिथला गाइड बरोबर होता. आम्ही मागच्या अंगाने तीन तास चढून धारेवर आलो तर पुढे, हॉटेलच्या बाजूला, सईने सांगितलेला तो उतार पसरलेला, एकही रेघ न उमटलेला. गाइडने खणून पाहिलं, थर दाबून पाहिले, म्हणाला, एकेकाने, अंतर ठेवून गेलो तर ठीक आहे. सईने पट्ट्या काढून पिशवीत टाकल्या. वृंदाताईंनी काढल्या. मला आत कुठेतरी गार वाटत होतं, पण गाइड हो म्हणाला होता, आणि मी कोण?

"नाही," हमीदभाई म्हणाले.

आधी वाटलं ते काही मागतायत. त्यांचं तोंड लाल झालं होतं. "ताई, मला नाय जायचं. नाय म्हणजे... नाय."

सई हसली. "काका, गाइड जस्ट सेड इट्स ओके. तुम्ही लिफ्टच्या बाजूने जा, वी विल मीट यू डाऊन."

हमीदभाई घाईघाईने म्हणाले, "तसं चालेल ताई, मी जातो एकटा, तुम्ही पोरीचा दिवस—"

वृंदाताई त्या उताराकडे बघत होत्या. दोन-अडीच वर्षं ज्या जागेसाठी जीव टाकला ती समोर होती आणि मुलगी स्वतःहून 'माझ्या मागे ये' म्हणाली होती. मला मनापासून वाटलं की आता त्या कारण विचारतील. मी त्यांच्या जागी असतो तर विचारलं असतं.

"पट्ट्या लावा," त्या म्हणाल्या. "सगळे वळणार."

"आई, सीरियसली? ही इज जस्ट स्केअर्ड!"

"असू दे."

"तू पण घाबरलीयस. यू वॉन्टेड अ रीझन."

"मला जायचंय गं," वृंदाताई म्हणाल्या. "तुझ्यापेक्षा जास्त जायचंय. पट्ट्या लाव."

सईने लावल्या, पण दिवसभर आईशी बोलली नाही. दुपारी हॉटेलच्या गच्चीतून दिसलं, की दुसरीच कुठली तरी चार माणसं त्या उतारावरून एकामागून एक खाली आली. पांढऱ्या पाटीवर चार सुंदर वळणदार रेघा. काही सुटलं नाही, काही कोसळलं नाही. सई म्हणाली, "सी?" वृंदाताई म्हणाल्या, "दिसलं." हमीदभाई उठून खोलीत गेले आणि मला त्या क्षणी त्यांचा राग आला होता, आजही थोडा येतो. दुसऱ्या दिवशी सई परत गेली. निघताना आईला मिठी मारली, पण पुन्हा जाऊ असं म्हणाली नाही.

त्यानंतर टेकडीवरच्या शिकवण्या बंद झाल्या. वृंदाताई बुलेटिन वाचायच्या, फेऱ्या घालायच्या, पण सईचा विषय निघाला की किल्ली उचलून चालू लागायच्या. पोर पुन्हा आपल्याला बरोबर नेणार नाही, हे त्यांनी मनाशी धरलं होतं. मी एकदा म्हणालो, "हमीदभाईंना जाऊ द्यायचं होतं एकट्याने." "मग मी त्यांना शिकवलं कशाला?" एवढंच त्या म्हणाल्या.

मला त्या शेवटच्या दिसल्या ते एप्रिलमध्ये, अल मुंतझात. दुसऱ्याच दिवशी मी लांबच्या सुट्टीवर गेलो आणि परत येईपर्यंत मोघे मंडळी गाशा गुंडाळून नाशिकला गेली होती. एप्रिलमधल्या त्या दिवशी हमीदभाईंकडून आंबे घेऊन आम्ही तिघे त्यांच्या बिल्डिंगखाली उभे होतो. ऊन मी म्हणत होतं. वृंदाताईंचा फोन वाजला. सई होती. पेटी हातात असल्याने त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे वाऱ्याचा घोंगाट.

"आई, मी वर आहे. धारेवर."

"डोंगरावर फोन का चालू? बीकनपासून लांब धर आधी!"

"धरलाय. आई, ऐक ना." ती हळू बोलत होती, आणि मराठीत बोलत होती, बाजूच्यांना कळू नये म्हणून. "सगळे निघालेत. सगळे म्हणतायत ओके आहे. मला नको वाटतंय. का ते मला माहीत नाही. कसं सांगू?"

वृंदाताईंनी पेटी गाडीच्या टपावर ठेवली. "सांगायचं काही नाही. 'नो' म्हण. आणि पुढे बोलू नकोस."

पलीकडे फोन खाली गेला असावा. तिचा 'नो' ऐकू आला. मग बरेच आवाज, जर्मन, इंग्रजी, कुणीतरी चिडून हसलं. वृंदाताई रणरणत्या उन्हात गाडीभोवती फिरू लागल्या. हमीदभाई दोन्ही हात छातीशी धरून उभे होते. मग पुन्हा सईचा आवाज आला, रडवेला.

"वळतोय आम्ही. पण सगळे रागावलेत, आई. दे आर नॉट टॉकिंग टू मी."

"रागावू दे," वृंदाताई म्हणाल्या. "मागे वळून मोज. सगळे येतायत ना?"

"येतायत."

"मग झालं तर. रागावलेली माणसं घरी येतात, बाळा."